मदत हवी आहे: कानटोपी आणि हातमोज्यांसाठी कुठली लोकर घ्यावी?

बार्देशकरीण: भाच्यासाठी कानटोपी आणि हातमोजे विणायचेत. विणता येतं, तो प्रश्न नाही. लोकर कुठली घ्यायची तेवढंच सांगा. म्हापशाच्या बाजारात बघितली, सगळीच मऊ लागते आणि दुकानदार म्हणतो सगळी चांगली. जरा लवकर सांगा, वेळ नाहीये.

पर्वरीचे मास्तर: भाचा केवढा? राहतो कुठे? गोव्यात असेल तर टोपी कशाला, आमच्याकडे डिसेंबरातसुद्धा पंखा चालू असतो.

बार्देशकरीण: शिकायला एडमंटनला चाललाय, कॅनडात. मोठा आहे. लिहिलं नव्हतं का मी?

सुईदोरा: नव्हतं! जानेवारीत तिथे पारा उणे २० च्या खाली सहज जातो. ॲक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धागा, विसरा. आपल्याकडे लोकर मागितली तरी बहुतेक वेळा ॲक्रिलिकच हातात पडतं, म्हणून लेबल वाचा. लेबल नसेल तर वीतभर धागा चिमट्यात धरून पेटवा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली तर खरी लोकर. वितळून काळा टणक मणी झाला तर ॲक्रिलिक.

डिचोलीची काकू: ॲक्रिलिकला उगाच नावं ठेवू नका. माझ्या नातवंडांचे स्वेटर मशीनमध्ये धुऊन धुऊन अजून तसेच आहेत. हॉस्टेलवरचा मुलगा लोकर हाताने धुणार आहे का?

सुईदोरा: काकू, नातवंडं असतात कुठे?

डिचोलीची काकू: पुण्याला.

सुईदोरा: बघा म्हणजे! लोकर आपल्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत ओलावा पोटात घेते, तरी ओली लागत नाही. ॲक्रिलिक घाम शोषत नाही, तो कातडीपाशीच राहतो आणि बाहेर पडलं की गार पडतो. धुण्याचं म्हणाल तर सुपरवॉश लोकर मशीनला चालते. साधी घातलीत तर आटून बाहुलीच्या मापाची होईल.

दोन सुया: लोकरीइतकीच वीण महत्त्वाची, ते कोणी बोलतच नाही. डीके (मध्यम) जाडीच्या लोकरीला ८ नंबरची सुई (४ मिमी) लागते, पण हातमोजे १० नंबरवर (३.२५ मिमी) घट्ट विणा. भोकांतून वारा शिरला की महागातली लोकरही फुकट. आणि बोटांचे नकोत, मिटन्स करा. चार बोटं एकत्र असली की एकमेकांना ऊब देतात. टोपीची पट्टी कानांवर दुहेरी.

बार्देशकरीण: पण त्याला लोकर टोचते. लहानपणी स्वेटर घातला की मान लालेलाल.

दोन सुया: हे आत्ता सांगताय? मग मेरिनो मेंढीची लोकर. तंतू बारीक, म्हणून टोचत नाही. सगळी मेरिनो परवडत नसेल तर साध्या लोकरीची टोपी विणून कपाळाच्या पट्टीला आतून फ्लीसचं मऊ कापड शिवा. घेण्याआधी धागा त्याच्या मानेला घासून बघा, तळहाताला काही कळत नाही.

मडगावकर: हणजुणेच्या बुधवारच्या बाजारात काश्मिरी विक्रेते असतात, तिथे बघा. मात्र गाडी लावायला जागा मिळेल या भ्रमात राहू नका.

सुईदोरा: तिथे शाली मिळतील, लोकरीचे गुंडे नाही.

क्रोशावाली: मी सुती दोऱ्याची बाळाची टोपडी करते, झालर लावून. नमुना हवा असेल तर टाकते.

दोन सुया: ताई, तिथल्या थंडीत सूत? भिजलं की वाळत नाही. आणि बाळ कुठून आलं?

पर्वरीचे मास्तर: उरलेली लोकर डांबरगोळ्या घालून बंद डब्यात ठेवा. पावसाळ्यात कसर लागते.

बार्देशकरीण: बरं, सुपरवॉश मेरिनो ऑनलाइन मागवते. किती घेऊ?

दोन सुया: डीके असेल तर टोपी आणि मिटन्स मिळून २५० ग्रॅम. एकाच वेळी रंगवलेल्या लॉटचे गुंडे घ्या, नाहीतर रंगात फरक दिसतो. विमान कधीचं आहे?

बार्देशकरीण: पुढच्या शुक्रवारी.

सुईदोरा: अहो! आजच मागवा. टोपी आधी विणून त्याच्या बॅगेत घाला, मिटन्स मागाहून पोस्टाने.

डिचोलीची काकू: तोवर तो काय खिशात हात घालून फिरणार?