मदत हवी आहे: इंजिनीअरिंगचं एक वर्ष झालंय, आता अमेरिकेत बॅचलर्स करायचंय. फ्रेशमन (पहिल्या वर्षाला नव्याने प्रवेश) की ट्रान्सफर (आधीच्या कॉलेजातून बदली)?

पाऊलवाट:
नमस्कार मंडळी. भाचीसाठी विचारते आहे. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना सोपं जाईल.

भाची बारावी सायन्स (राज्य मंडळ) करून एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला लागली. पहिलं वर्ष झालं, दोन्ही सेमिस्टर एकाही केटीशिवाय पास, सीजीपीए आठच्या वर. पण मन तिथे नाही. तिला अर्थशास्त्र आणि जोडीला संख्याशास्त्र शिकायचंय, आणि पुढच्या फॉलला (ऑगस्टच्या सुमाराला सुरू होणाऱ्या सत्राला) अमेरिकेत जायचंय. घरी बराच खल झाला, आता ताई-भावोजी दोघंही तयार आहेत. गाडी अडली आहे ती अर्जापाशी.

ज्या सल्लागाराकडे गेलो त्यांनी सांगितलं, "हे वर्ष दाखवूच नका. गॅप इयर घेतलं म्हणा आणि फ्रेशमन म्हणून भरा. ट्रान्सफरवाल्यांना स्कॉलरशिप मिळत नाही." मला हे पटत नाहीये. मुलीनेही स्पष्ट सांगितलंय की खोटं लिहायचं नाही. पण मग ती नक्की कोणत्या गटात बसते? बारावीचे मार्क बघतात की इंजिनीअरिंगचे? एसएटी (तिकडची प्रवेश परीक्षा) द्यावी लागेल का? आणि इंटरनॅशनल हा आणखी वेगळा अर्ज असतो का? कुणी या वाटेने गेलं असेल तर कृपया लिहा. नोव्हेंबरच्या तारखा डोक्यावर आहेत, असं ऐकतोय.

रानवारा:
पाऊलवाट, ते वर्ष लपवू नका. मी अमेरिकेत एका स्टेट युनिव्हर्सिटीत ॲकॅडमिक ॲडव्हायझर आहे, ट्रान्सफर होऊन आलेली मुलं रोज समोर बसतात, म्हणून ठामपणे सांगतो.

अर्जात आधी शिकलेल्या सगळ्या कॉलेजांची नावं विचारतात आणि दिलेली माहिती खरी आणि पूर्ण आहे असं लिहून सही करावी लागते. लपवलेलं उघड झालं तर मिळालेला प्रवेश रद्द होतो, शिकत असताना कळलं तर काढून टाकतात. शिवाय व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्मवरही आधीच्या शिक्षणसंस्था विचारलेल्या असतात, हे फार कमी लोक लक्षात घेतात. तिथे खरं लिहिलं तर युनिव्हर्सिटीच्या अर्जाशी विसंगती, खोटं लिहिलं तर थेट सरकारला दिलेली खोटी माहिती. तो ठपका एकदा बसला की पुढे आयुष्यभर नडतो. एकोणीस वर्षांच्या मुलीच्या मागे हे कुणी का लावावं? तिला माझ्यातर्फे शाबासकी द्या.

आता मूळ गोंधळ सोडवू. फ्रेशमन की ट्रान्सफर, हे आजवरच्या शिक्षणावरून ठरतं. इंटरनॅशनल की डोमेस्टिक, हे नागरिकत्व आणि व्हिसावरून ठरतं. प्रश्न दोन वेगळे, उत्तरंही दोन वेगळी. भाची इंटरनॅशनल आहेच, आणि बारावीनंतर कॉलेजात नियमित प्रवेश घेतल्यामुळे बहुतेक ठिकाणी ट्रान्सफरसुद्धा आहे. इंटरनॅशनलसाठी बहुधा वेगळा अर्ज नसतो, त्याच अर्जाला इंग्रजीची परीक्षा आणि मार्कांचं मूल्यांकन जोडलं जातं, पैशांचे कागद बहुधा प्रवेशानंतर लागतात.

"बहुतेक ठिकाणी" असं मुद्दाम म्हटलं. काही युनिव्हर्सिट्या क्रेडिट (पूर्ण केलेल्या अभ्यासाचं मोजमाप) मोजतात. २४ किंवा ३० पेक्षा कमी क्रेडिट असतील तर शाळेचे मार्क आणि कधी कधी एसएटीही मागतात. त्याहून जास्त असतील तर मुख्य भर कॉलेजच्या मार्कांवर. भाची नेमकी या सीमारेषेवर आहे, म्हणून नववी ते बारावीच्या गुणपत्रिका आणि कॉलेजच्या दोन्ही सेमिस्टरचं ट्रान्सक्रिप्ट, दोन्ही तयार ठेवा. तारखांचं टेन्शन थोडं कमी करतो: १ नोव्हेंबर आणि १ जानेवारीच्या आसपासच्या ज्या तारखा ऐकताय त्या फ्रेशमनच्या. फॉलसाठी ट्रान्सफरची मुदत बऱ्याच ठिकाणी मार्चमध्ये असते. हार्वर्डची १ मार्च आहे.

ओलीमाती:
रानवारा यांच्याशी सहमत, एक भर. यादीत युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया असेल (बर्कली, यूसीएलए वगैरे) तर आधीच सावध व्हा. तिथे बारावीनंतर कॉलेजात नियमित सेमिस्टर केलं की फ्रेशमनचा अर्ज भरता येत नाही. आणि ट्रान्सफर घेतात ते प्रामुख्याने तिसऱ्या वर्षाला, म्हणजे ६० सेमिस्टर क्रेडिट झालेल्यांना. त्यातही प्राधान्य कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजच्या (दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजच्या) मुलांना. एक वर्ष झालेली मुलगी दोन्ही दारांच्या मधे अडकते. आमच्या ओळखीतल्या एका मुलाच्या बाबतीत हे फार उशिरा कळलं, फी भरून झाल्यावर. त्या घरातली निराशा बघवत नव्हती.

उलट हार्वर्डला किमान एक सलग वर्ष पूर्ण झालेले आणि दोनपेक्षा जास्त वर्षं न झालेले विद्यार्थी ट्रान्सफरला चालतात. प्रिन्स्टनने तर बऱ्याच वर्षांनी २०१८ मध्ये ट्रान्सफर पुन्हा सुरू केलं. जागा मात्र या ठिकाणी अगदी मोजक्या, तेव्हा सगळी भिस्त तिथे ठेवू नका.

पाऊलवाट:
दोघांचेही मनापासून आभार. ताईला फोनवर वाचून दाखवलं, तिच्या जिवात जीव आला. यादीत कॅलिफोर्नियाच्या दोन युनिव्हर्सिट्या होत्या, त्या आजच काढल्या.

आता पुढचं. एका वर्षाचे क्रेडिट तिकडे धरतात का? की सगळं पहिल्यापासून? आणि "कॉलेज रिपोर्ट" नावाचा फॉर्म दिसतोय, तो कोणी भरायचा?

दुपारचं_ऊन:
ताई, मी स्वतः मेकॅनिकलचं पहिलं वर्ष करून ट्रान्सफर झालोय, आता शेवटच्या वर्षाला आहे. कागदपत्रांचं मी सांगतो, कारण इथेच खरा वेळ जातो.

कॉलेज रिपोर्ट हा कॉमन ॲपच्या (अनेक युनिव्हर्सिट्यांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जाच्या) ट्रान्सफर अर्जातला फॉर्म. तुमची शैक्षणिक आणि शिस्तीची नोंद ज्याच्या हाताखाली आहे अशा अधिकाऱ्याने तो भरायचा असतो. विद्यार्थी आत्ता चांगल्या स्थितीत आहे का, कधी कारवाई झाली आहे का, एवढंच त्यात विचारतात. आपल्याकडे हा फॉर्म कुणी पाहिलेला नसतो. ऑफिसात खिडकीवर दिला की क्लार्क म्हणतात, "असलं काही आम्ही देत नाही, बोनाफाईड घेऊन जा." बोनाफाईड चालत नाही. मी फॉर्मची प्रिंट, प्रत्येक प्रश्नाखाली मराठीत त्याचा अर्थ आणि प्राचार्यांच्या नावे अर्ज असं एकत्र लावून रजिस्ट्रारांना भेटलो. अर्थ कळल्यावर त्यांनी समोर बसवून भरून दिला. लोक मदत करतात हो, फक्त आपण काय मागतोय ते त्यांना कळायला हवं.

ट्रान्सक्रिप्ट म्हणजे मार्कशीटची झेरॉक्स नव्हे. विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून सहीशिक्क्यानिशी घ्यावं लागतं. त्याचा अर्ज आजच करा. बऱ्याच युनिव्हर्सिट्या वरून डब्ल्यूईएस किंवा ईसीईसारख्या संस्थेकडून मूल्यांकन मागतात. त्यात "कोर्स-बाय-कोर्स" हा प्रकार निवडा. नुसतं "डॉक्युमेंट-बाय-डॉक्युमेंट" घेतलं तर क्रेडिटसाठी उपयोग होत नाही आणि पुन्हा पैसे भरावे लागतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सिलॅबस. आपलं एम-वन (गणिताचा पहिला पेपर) म्हणजे तिकडचं कॅल्क्युलस-वन असं सरळ जुळत नाही. आपल्याकडे त्यात पार्शल डिफरन्सिएशन, मॅट्रिक्स, कुठे फुरिअर सीरिज असं सगळं एका पेपरात येतं, तिकडे ते तीन वेगवेगळ्या कोर्सेसमध्ये विखुरलेलं असतं. नुसतं नाव पाहिलं तर "सर्वसाधारण इलेक्टिव्ह" म्हणून टाकतात. मी युनिटवार सिलॅबस, तासांची संख्या आणि पुस्तकाचं नाव दिलं, तेव्हा गणित विभागाने कॅल्क्युलसचे क्रेडिट दिले. फिजिक्स-केमिस्ट्री विज्ञानाच्या अटीत बसले. वर्कशॉप आणि ड्रॉइंग वाया गेलं. अर्थशास्त्राला तर ते नक्कीच लागणार नाही, त्याची मानसिक तयारी ठेवा. म्हणून सिलॅबसवर विभागप्रमुखांची सही-शिक्का भारतातूनच घेऊन निघा. इथून ते मागवणं फार त्रासाचं असतं.

रानवारा:
दुपारचं_ऊन यांनी फार उपयोगी लिहिलंय. थोडी पुस्ती: साधारणपणे सी किंवा त्यावरच्या ग्रेडचे विषय धरतात. क्रेडिट येतात, पण जुना जीपीए बहुतेक ठिकाणी सोबत येत नाही, नवी पाटी मिळते. आणि पदवीसाठी ठरावीक क्रेडिट त्याच युनिव्हर्सिटीत करावे लागतात, त्यामुळे "एक वर्ष वाचेल" हे गृहीत धरू नका. माझ्या मते भाचीने एका सेमिस्टरची बचत झाली तरी समाधान मानावं. विषय बदलताना एवढं होतंच.

एसएटीबद्दल राहिलं होतं. कॅलिफोर्नियाच्या सरकारी युनिव्हर्सिट्या ती बघतच नाहीत. एमआयटीने २०२२ मध्ये पुन्हा सक्तीची केली. २०२४ मध्ये हार्वर्ड, ब्राऊन, डार्टमाउथ, टेक्सस-ऑस्टिन अशा अनेकांनी फ्रेशमनसाठी परत आणली. ट्रान्सफरला मागतात की नाही, हे प्रत्येकाच्या ट्रान्सफरच्या पानावरच वाचा, फ्रेशमनच्या पानावरून अंदाज बांधू नका. इंग्रजीसाठी टोफेल, आयईएलटीएस किंवा डुओलिंगो. गुण दोन वर्षं चालतात. टोफेलची पट्टी जानेवारी २०२६ पासून १ ते ६ अशी झाली आहे, तेव्हा जुन्या धाग्यांतल्या "शंभर हवेत" वगैरे आकड्यांवर जाऊ नका. इंजिनीअरिंग इंग्रजी माध्यमातून झालं म्हणून काही ठिकाणी परीक्षेतून सूट मिळते, त्यासाठी कॉलेजचं माध्यमाचं पत्र घेऊन ठेवा.

चिंचबन:
धाग्यात घुसते, माफ करा. माझा मुलगा इथेच न्यू जर्सीत हायस्कूलला आहे, आम्ही एच-१बीवर (नोकरीच्या व्हिसावर). तो इंटरनॅशनलच का?

रानवारा:
चिंचबन, तो फ्रेशमन. शाळा इथलीच असल्यामुळे टोफेल बहुधा लागणार नाही. पण नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसल्यामुळे सरकारी आर्थिक मदत (जिच्यासाठी एफएएफएसए हा अर्ज भरतात) मिळणार नाही, आणि मदतीच्या बाबतीत बऱ्याच युनिव्हर्सिट्या त्याला इंटरनॅशनलच धरतील. राज्यातल्या सवलतीच्या फीचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत, ते थेट ॲडमिशन ऑफिसला लेखी विचारा. तो २१ वर्षांचा होण्याआधी व्हिसाच्या स्टेटसचाही विचार करायला लागेल, त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे नीट बोलू.

पाऊलवाट:
ट्रान्सफरला स्कॉलरशिप नाही, हे मात्र खरं आहे का? भावोजींना हीच चिंता आहे. आणि पैसे कधी दाखवायचे?

ओलीमाती:
अर्धं खरं आहे. फ्रेशमनसाठीच्या मेरिट स्कॉलरशिप ट्रान्सफरला बऱ्याचदा लागू नसतात, पण कित्येक स्टेट युनिव्हर्सिट्यांत ट्रान्सफरसाठी वेगळ्या असतात. रक्कम लहान असते, तरी फरक पडतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट या ठिकाणी परदेशी मुलांचाही प्रवेश ठरवताना मदत मागितली आहे की नाही हे बघत नाहीत. बाकी बऱ्याच ठिकाणी बघतात, म्हणजे जास्त मदत मागितली तर प्रवेशाची शक्यता कमी होते. भावोजींनी आधी आपला आकडा ठरवावा, दरवर्षी किती जमेल तो, आणि मग यादी करावी. उलट क्रमाने गेलं की घरात फार ताण येतो.

पैशांचे कागद प्रवेश मिळाल्यानंतर. युनिव्हर्सिटी पहिल्या वर्षाच्या फी आणि राहण्याखाण्याच्या खर्चाचा आकडा कळवते, तेवढे बँकेत किंवा मंजूर शैक्षणिक कर्जात दाखवले की आय-२० (व्हिसासाठी लागणारा युनिव्हर्सिटीचा फॉर्म) देते. कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, पण ती कमाई या आकड्यात धरत नाहीत. मग सेविसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) फी ३५० डॉलर, व्हिसा अर्जाची १८५ डॉलर, आणि मुलाखत. ट्रान्सफरचा निकाल एप्रिल-मेमध्ये लागला तर ऑगस्टपर्यंत वेळ अपुरा पडतो, म्हणून कर्जाची मंजुरी निकालाची वाट न बघता आधीच करून ठेवा.

आणि ताई, सल्लागाराला आणखी पैसे देण्याआधी एकदा एज्युकेशनयूएसएला भेटा. अमेरिकन परराष्ट्र खात्याचं मार्गदर्शन केंद्र आहे, मुंबईत यूएसआयईएफच्या (अमेरिका-भारत शैक्षणिक प्रतिष्ठानाच्या) ऑफिसात. प्राथमिक माहिती फुकट देतात आणि कुठल्याही एका युनिव्हर्सिटीची तळी उचलत नाहीत.

पाऊलवाट:
सगळ्यांचे किती आभार मानू! भाचीने स्वतः सगळा धागा वाचला. सोमवारी ती ट्रान्सक्रिप्टचा अर्ज करते आहे आणि विभागप्रमुखांची वेळ मागितली आहे. दुपारचं_ऊन, तुमच्या त्या मराठी अर्थ लिहिलेल्या फॉर्मची प्रत अजून असेल तर विपूत (माझ्या विचारपुशीत) पाठवाल का? तिच्या कॉलेजच्या ऑफिसात तेच न्यावं म्हणते.

दुपारचं_ऊन:
आहे, पाठवतो रात्री. फक्त फॉर्म दरवर्षी थोडा बदलतो, तेव्हा तिच्या स्वतःच्या खात्यातला ताजा डाउनलोड करून त्यावरच लिहायला सांगा.