एकच निरोप आठ ग्रुपवर टाकायचा असेल तर रीत काय?

चिंचपोकळीकर
आमच्या मंडळाचं रक्तदान शिबिर आहे, लालबागला, ७ जूनला. निरोप व्हॉट्सअ‍ॅपच्या आठ ग्रुपवर (सोसायटी, शाळेची बॅच, ट्रेकिंगचे दोन, बदलापूर लोकलचा, असे), फेसबुकवर तीन ठिकाणी आणि माजी विद्यार्थ्यांच्या मेलिंग लिस्टवर टाकायचाय. बरीच मंडळी तीन-तीन ठिकाणी तीच आहेत. लोक वैतागू नयेत आणि नावनोंदणीचा गोंधळ होऊ नये, यासाठी काय करावं?

रात्रपाळी
फॉरवर्ड करू नका. एकदा फॉरवर्डचा शिक्का बसला की तो निरोप एका वेळी एकाच ग्रुपवर पुढे जातो. पाच हात फिरला की दुहेरी बाण येतो, आणि दुहेरी बाण दिसला की निम्मे लोक न वाचताच पुढे सरकतात. मजकूर कॉपी करा, पण पहिली ओळ त्या-त्या ग्रुपची हवी.

खरी पंचाईत पुढे होते. वेळ बदलली तर आठही ठिकाणचा निरोप बदलायला लागतो. पाठवल्यावर दुरुस्तीला मिळतात फक्त १५ मिनिटं, आणि सगळ्यांसाठी डिलीट करायला दोन दिवसांहून थोडे जास्त. म्हणून बदलू शकेल असा सगळा तपशील एकाच जागी ठेवा, एखादा गुगल फॉर्म किंवा मंडळाच्या पानावरची पोस्ट. निरोपात दिवस, जागा आणि लिंक, बस्स.

खिडकीजवळचा
यूजनेटच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या विषयवार चर्चाग्रुपांच्या काळात हे फार नीट सोडवलेलं होतं. एकाच लेखाच्या 'न्यूजग्रुप्स' ओळीत दोन-तीन ग्रुपची नावं लिहायची. सर्व्हरवर प्रत एकच राहायची आणि एका ग्रुपमध्ये वाचलेला लेख दुसरीकडे पुन्हा समोर यायचा नाही. 'फॉलोअप-टू' लिहिलं की उत्तरं एकाच ग्रुपवर जमायची. वेगवेगळ्या प्रती टाकल्या की हा फायदा संपला. १९९४ साली ग्रीन कार्ड लॉटरीची जाहिरात हजारो ग्रुपवर सुटी-सुटी टाकली गेली, तेव्हा लोक भडकले त्याचं हेही एक कारण. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये तशी सोय नाही, तेव्हा 'उत्तरं फक्त फॉर्मवर' हे हाताने लिहावं लागतं.

मेलचं वेगळं. एक लिस्ट आहे तर ठीक. पण उद्या दोन झाल्या तर दोन्ही पत्ते एकाच मेलमध्ये घालू नका. कोणी 'रिप्लाय ऑल' केलं आणि तो दुसऱ्या लिस्टचा सदस्य नसेल, तर त्याचं उत्तर तिथे अडकतं आणि निम्म्यांना अर्धंच बोलणं दिसतं. लिस्टचा पत्ता बीसीसीतही टाकू नका. मेलमनसारखी लिस्ट चालवणारी व्यवस्था असेल तर 'टू' किंवा 'सीसी'मध्ये लिस्ट नसलेला मेल बहुधा मंजुरीसाठी अडवून ठेवला जातो.

डबा नंबर ४
आठ जास्तच होतात, माझ्या मते. लोकलच्या ग्रुपवर सकाळच्या गर्दीत तर मुळीच नको. तिथे माणसं 'कल्याणहून सुटली का' एवढंच बघायला येतात. टाकायचंच तर दुपारी, आणि अ‍ॅडमिनला आधी विचारून. फेसबुकवर तोच मजकूर आणि तीच लिंक लागोपाठ चिकटवली की स्पॅम समजून पोस्टिंग बंद होऊ शकतं, त्यामुळे मध्ये अंतर ठेवा.

नुसतं 'येत्या रविवारी' लिहू नका, पूर्ण तारीख सालासकट हवी. रक्त हवंय म्हणणारे निरोप महिनोन्‌महिने फिरतात ते तारीख नसल्यामुळेच. पेशंट घरी गेलेला असतो आणि फोन चालूच. शिबिर झाल्यावर 'शिबिर पार पडलं' हेही त्याच सगळ्या ग्रुपवर टाका. कोणा कार्यकर्त्याचा खासगी नंबर नको.

चिंचपोकळीकर
पटलं. लोकलचा ग्रुप वगळतो. ट्रेकिंगच्या ग्रुपसाठी नमुना द्याल का?

रात्रपाळी
घ्या. अटी आतच घातल्यात, नाहीतर तेच प्रश्न सात ग्रुपवर येतील आणि सात वेळा उत्तर द्यावं लागेल:

'ट्रेकर मंडळी, रविवार ७ जून २०२६ला लालबागला रक्तदान शिबिर आहे, सकाळी ९ ते २. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो. मागच्या रक्तदानाला पुरुषांना ९० दिवस, महिलांना १२० दिवस झालेले हवेत. नाव फक्त या फॉर्मवर नोंदवा, इथे 'मी येतोय' लिहू नका. (हाच निरोप सोसायटीच्या आणि बॅचच्या ग्रुपवरही आहे, तिकडे वाचला असेल तर सोडून द्या.)'

खाली फॉर्मची लिंक.