मोठा आंबा तरंगला, लहान बुडाला. असं का?

ऐरोलीची_सुगरण
वाशी मार्केटातून हापूसची पेटी आणली. खायच्या आधी आंबे तासभर पाण्यात टाकायचे, हा सासूबाईंचा नियम. काल बादलीत सात टाकले. पाच तळाशी, दोन वर. सहावीतले चिरंजीव म्हणाले, "जड बुडतात, हलके तरंगतात, सोप्पंय." म्हटलं बघू, आणि स्वयंपाकातला काटा काढला. तरंगणारा 268 ग्रॅम, बुडालेला 214! आता तो माझ्याकडे बघतोय आणि मी बादलीकडे. कोणी समजावेल का? सासूबाईंचं म्हणणं, वरचे दोन कोवळे काढलेत, फसलीस. ते दुखणं वेगळंच.

घंटाळीचे_मास्तर
ताई, नुसत्या वजनावर काही ठरत नाही. आंबा पाण्यात शिरताना आपल्या आकाराएवढं पाणी बाजूला सारतो आणि त्या सारलेल्या पाण्याच्या वजनाइतक्या जोराने पाणी त्याला वर ढकलतं. मोठा आंबा जास्त पाणी सारतो, म्हणून त्याला वर ढकलणारा जोरही जास्त. हा जोर वजनाला पुरला की आंबा तरंगतो.
घरी करून बघा. पातेलं काठोकाठ भरून परातीत ठेवा, आंबा अलगद सोडा. तरंगणारा विणायच्या सुईने दाबून पूर्ण बुडवा. बोटं घालू नका, त्यांचंही पाणी सांडतं. परातीतलं पाणी तोला. 1 ग्रॅम पाणी म्हणजे 1 घन सेंटिमीटर जागा. आंब्याच्या वजनाला त्या आकड्याने भागा, आली घनता. 1 च्या खाली तरंगतो, वर बुडतो.

शेवा_नाइटशिफ्ट
चिरंजीव पुढे जहाजांचं विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. लोखंडाची घनता पाण्याच्या जवळपास आठपट, पण जहाज म्हणजे लोखंड अधिक पोटातली हवा. सगळं मिळून घनता 1 च्या खाली. भोक पडून हवेच्या जागी पाणी शिरलं की हिशेब फिरला.

मुरबाडचा_भाचा
सासूबाईंना माझं मत! झाडावरून काढताना कोवळा आंबा तरंगतो, तयार झालेला बुडतो, बागायतदार हीच परीक्षा करतात. आमच्याकडे मामा भाताचं बियाणं असंच निवडतो. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ. साध्या पाण्यात अर्धवट भरलेले दाणेही बुडतात. मिठाने पाण्याचीच घनता वाढते, मग ते वर येतात आणि फक्त टपोरे तळाशी राहतात. वरचे कोंबड्यांना. खालचे मात्र साध्या पाण्याने धुवून घ्यायचे, विसरलात तर मामा ओरडतो.

ऐरोलीची_सुगरण
सर, केलं! दोनदा, कारण पहिल्यांदा परात हलली. मोठ्याने 275 ग्रॅम पाणी सांडलं, म्हणजे 0.97. लहानाने 210, म्हणजे 1.02. दोघांत फरक एवढासाच!
मग भाच्याची युक्ती. तीन लिटर पाण्यात बुडणारा आंबा ठेवून मूठमूठ मीठ ढवळत गेलो. सव्वाशे ग्रॅमच्या आसपास तो सावकाश उठला, अगदी आळोखेपिळोखे देत. चिरंजीवांनी शेजारच्या दोन मुलांना बोलावून आणलं आणि सगळं परत करायला लावलं. माझं पाव किलो मीठ गेलं.
वरचे दोन कापले. आंबट. सासूबाई मला काही बोलल्या नाहीत. नातवाला म्हणाल्या, "पुढच्या पेटीला तू जा. बादली घेऊन."