सीमाभागातील कर्करोग सेवेची आखणी कोणाला विचारून होते?

खानापूरवासी (धागा सुरू करताना)

परवा एका बेळगावकर सद्गृहस्थांनी लिहिले की, रेडिएशनच्या यंत्राला ना कन्नड कळते ना मराठी, त्यामुळे रुग्णालयात भाषेचा विषय काढणारे रुग्णांचे नुकसानच करतात. ते वाचून गप्प बसणे मला शक्य झाले नाही. यंत्रापर्यंत पोहोचलेल्या रुग्णापुरते ते खरे असेलही, परंतु माझा प्रश्न तिथवर न पोहोचणाऱ्यांचा आहे. तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तीस वर्षांवरील लोकांची तपासणी व्हावी, अशा सूचना केंद्राने २०१६ मध्ये दिल्या. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गर्भाशयमुखाची तपासणी एकदा तरी झालेल्या स्त्रिया देशभरात दोन टक्क्यांहून कमी निघाल्या.

माझ्या चुलतीला अंगावरून रक्त जात होते. तालुक्याबाहेरच्या एका दवाखान्यात डॉक्टर कन्नडमध्ये विचारत होते आणि तिचा पुतण्या, म्हणजे मी, मध्ये बसून सांगत होतो. पुतण्यासमोर ती बोलणार तरी काय? पोट दुखते एवढेच तिने सांगितले आणि गोळ्या घेऊन आम्ही परतलो. खरे दुखणे तिने पुढे अनेक महिन्यांनी गावातल्या आशाताईंजवळ उघड केले, तेव्हा रोग पुष्कळ पुढे गेला होता.

दारावर मराठी पाटी लावली असती तरी यात काही फरक पडला नसता. शिबिर कोणत्या महिन्यात घ्यायचे, ऐन भातलावणीत की सुगीनंतर, तपासायला बाई असेल की नाही, अहवाल कोणाच्या हाती द्यायचा, हे ठरवताना आमच्याकडच्या बायका, गवळी-धनगर वाड्यांवरचे लोक, उर्दू बोलणारी घरे यांपैकी कोणालाही विचारले जात नाही. ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समित्या कागदावर आहेतच. त्यांत या लोकांना बसवा आणि ते सांगतील त्यानुसार आखणी बदला, एवढीच माझी मागणी आहे.

घटप्रभाकाठची परिचारिका

मी मराठी घरातली आहे, कन्नड शाळेत शिकले आहे आणि गेली अनेक वर्षे सरकारी नोकरीत आहे. आपल्या चुलतीबद्दल वाईट वाटले, पण निष्कर्ष मान्य नाही. तोंडात पांढरा चट्टा दिसला म्हणून आम्ही रुग्णाला पुढे पाठवतो, तिथे बायोप्सीसाठी, म्हणजे चट्ट्याचा तुकडा काढून तपासण्यासाठी, त्याला पुढची तारीख मिळते, तेवढ्यात त्याची मजुरी बुडते आणि तो पुन्हा येतच नाही. समिती नेमल्याने ती तारीख अलीकडे येणार आहे का? दुसरे असे की, भाषेची अडचण मराठी माणसालाच आहे असा आपला सूर असतो. आमच्याकडे लंबाणी, म्हणजे बंजारा, बायका येतात, दख्खनी बोलणाऱ्या बायका येतात आणि त्यांच्याशी मोडकेतोडके बोलून काम आम्हीच निभावतो. त्यांच्या नावाने आजवर कोणी मोर्चा काढलेला मला आठवत नाही.

निपाणीचा वखारवाला

ताई, तारखेचे बोललात ते बरोबर आहे, पण मजुरी बुडते हे आपणच लिहिलेत आणि खानापूरकरांचा मुद्दा नेमका तिथेच आहे. विडी वळणाऱ्या बाईला हजार विड्यांच्या हिशेबाने पैसे मिळतात, त्यामुळे सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळेतल्या शिबिराला ती येणे शक्यच नसते. तिला एकदा विचारले असते, तर वखारीत किंवा तिच्या गल्लीत संध्याकाळी या, असे तिने सांगितले असते. तिरुवनंतपुरममध्ये प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडे तपासली आणि तंबाखू व दारूचे व्यसन असलेल्यांमधील तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, हे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. मिश्री लावणाऱ्या बायका घरोघर असलेल्या आमच्या गावात हे का होऊ नये?

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो. तंबाखू बंद करा, हे भाषण ऐकवायला कोणी येणार असेल तर त्याने येऊ नये. १९८१ चे आंदोलन आम्ही दरासाठी केले, कारण या पिकावर आमची घरे चालतात. पर्यायी पिकाची हमी न देता आम्हालाच गुन्हेगार ठरवणाऱ्यांचे बोलणे आमच्या बायका ऐकून घेणार नाहीत.

सीमावासी

ही सारी चर्चा मूळ दुखणे टाळते आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये बेळगाव, कारवार, बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतील ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली, त्यासाठी ५४ कोटींची तरतूद केली आणि कर्नाटकाने त्यावर आक्षेप घेतला. रुग्णाच्या उपचाराचे पैसे भरायलाही ज्यांची हरकत आहे, ते तुम्हाला समितीत बसवून तुमचे ऐकतील, असे आपणास खरोखर वाटते का? १९५६ पासून आपण निवेदनेच देत आलो आहोत. आमच्या भावाला मिरजेला न्यावे लागले, ते हौसेने नव्हे.

कॅम्पातला जुना रहिवासी

ज्या लेखावर हा धागा निघाला तो माझा आहे. मला याच वळणाची भीती होती आणि ती खरी ठरली. माझ्या पत्नीचे उपचार हुबळीत झाले. डॉक्टर कन्नड भाषक होते आणि त्यांनी तिला लेकीसारखे सांभाळले. बेळगावातही जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते नव्या कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटन झाले आहे. तिथे काम करणाऱ्यांना आल्या आल्या सीमावादात ओढू नका. प्रत्येक दुखण्याला, बेळगाव कर्नाटकातच ठेवा म्हणणाऱ्या महाजन अहवालाचे लेबल लावण्याची ही सवय आपल्या तीन पिढ्यांना भोवली आहे.

सीमावासी

भोवला तो अहवाल. आपल्याला कन्नड येत होते, म्हणून आपले निभावले. ज्यांना येत नाही त्यांना सवयींचे उपदेश करू नका.

खानापूरवासी

दोघांनाही हात जोडून विनंती आहे की, माझ्या चुलतीला या भांडणातून सोडा. ८६५ गावांची योजना मलाही हवी आहे आणि तिला विरोध करणे मला अमानुष वाटते. पण ती योजना रोगाचे निदान झाल्यावर पैसे देते, आणि आमच्या घरी निदानच वेळेवर झाले नाही. आणि कॅम्पातले काका, आपल्या पत्नीला चांगले डॉक्टर भेटले याचा आनंदच आहे. त्यांच्याशी त्या स्वतः बोलू शकल्या, की आपण शेजारी बसून सांगत होता?

कॅम्पातला जुना रहिवासी

मी सांगत होतो. तिने माझ्यापासून काही लपवले असेल, असे मला वाटत नाही. परंतु मी तिला तसे कधी विचारले नाही, हेही खरे आहे. तपासणीच्या खोलीत नातेवाइकाऐवजी भाषा जाणणारी बाई असावी, एवढ्यापुरती मागणी मी मान्य करतो. बाकी समित्यांवर माझा विश्वास नाही.

घटप्रभाकाठची परिचारिका

नातेवाईक मध्ये बसला की बाई गप्प होते, हे आम्ही रोज पाहतो, त्यामुळे त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन व्हिनेगरच्या साह्याने गर्भाशयमुख तपासले गेले आणि त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, हेही मला ठाऊक आहे. तशा बायका गल्लीतून निवडायच्या तर गल्लीलाच विचारावे लागेल, इतके मी मान्य करते. पण समितीवर येणाऱ्या बाईला त्या दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे मिळालेच पाहिजे, आणि चट्टा सापडल्यावर बायोप्सी किती दिवसांत होणार हे तिच्यासमोर लिहून दिले पाहिजे. या दोन गोष्टी पहिल्या बैठकीच्या इतिवृत्तात येणार नसतील, तर माझ्या केंद्रातल्या एकाही लंबाणी बाईला मी त्या बैठकीला पाठवणार नाही.

निपाणीचा वखारवाला

त्यात तिसरी गोष्ट घाला. वेळ संध्याकाळी सहानंतरची ठेवा. जागा मी देतो.