मदत हवी आहे: अँटी-एचसीव्ही (हिपॅटायटिस सी ची अँटिबॉडी) रिॲक्टिव्ह, विषाणूचा आरएनए नाही. आयएल२८बी चाचणी करावी का?

कांजूर_पूर्व
मोठा भाऊ, वय ४६. रक्तदानानंतर रक्तपेढीने हिपॅटायटिस सी रिॲक्टिव्ह असल्याचं कळवलं. केमिल्युमिनिसन्स या अँटिबॉडी चाचणीवर इंडेक्स ३.२, कटऑफ १. त्यानंतर आरएनए पीसीआर (रक्तात विषाणूच आहे का ते शोधणारी चाचणी) केली, 'टार्गेट नॉट डिटेक्टेड', म्हणजे सापडला नाही. यकृताचं एन्झाइम एएलटी २८. कावीळ कधी झाल्याचं आठवत नाही. १९९५ साली मांडीचं हाड मोडलं तेव्हा दोन बाटल्या रक्त चढवलं होतं. आता एका प्रयोगशाळेने आयएल२८बी ही जनुकीय चाचणी सुचवली आहे. विषाणू शरीरानेच घालवला का ते त्यातून कळेल, असं म्हणतात. कळतं का? आणि वहिनींची तपासणी करायला हवी का?

पीसीआर_परळ
नाही कळत. ती चाचणी विषाणू जाण्याची शक्यता सांगते, गेला का ते नाही. आणि तुमच्याकडे त्याआधीचा प्रश्न सुटायचा आहे: संसर्ग मुळात झाला होता का?

३.२ हा इंडेक्स कमी आहे. खऱ्या संसर्गात तो बहुधा ५ च्या पुढे, बऱ्याचदा १० च्याही वर असतो. शिबिरातल्या निरोगी दात्यांत असे कमी आकडे पुष्कळदा खोटे पॉझिटिव्ह निघतात. पण विषाणू जाऊन पंचवीस-तीस वर्षं झाली की अँटिबॉडीही ओसरत जाते, आणि १९९५ मध्ये रक्तपेढ्यांत सी ची तपासणी सक्तीची नव्हती. म्हणजे दोन्ही शक्य. उलगडा हवाच असेल तर दुसऱ्या कंपनीच्या, वेगळ्या प्रतिजनांच्या (अँटिबॉडी पकडायला वापरलेल्या विषाणूच्या तुकड्यांच्या) किटवर अँटी-एचसीव्ही करा. दोन्ही किटवर पॉझिटिव्ह आलं तर जुना संसर्ग मानायला आधार मिळतो.

आरएनए मात्र एकदा पुन्हा करा. जांभळ्या टोपीची ईडीटीए नळी. हिरवी नको, हेपरिन पीसीआर अडवतं. किटनुसार ६ ते २४ तासांत प्लाझ्मा वेगळा झाला पाहिजे. घरून घेतलेलं सॅम्पल मे महिन्यात दिवसभर स्कूटरच्या डब्यात फिरलं तर काठावरचं पॉझिटिव्ह निगेटिव्ह दिसू शकतं, म्हणून प्रयोगशाळेतच जाऊन रक्त द्या. रिपोर्टवर चाचणी पकडू शकते ती किमान मर्यादा पाहा, १५ आययू/मिली च्या आसपास हवी.

ठाणे_इम्युनो
जनुकांचं थोडं सविस्तर लिहितो, कारण चाचणी निरुपयोगी असली तरी विषय तसा नाही.

सुमारे ३० टक्के लोकांचा विषाणू सहा महिन्यांत आपसूक जातो. १९७८-७९ मध्ये पूर्व जर्मनीत दूषित अँटी-डी इंजेक्शनांमुळे (आरएच-निगेटिव्ह बायकांना गरोदरपणाच्या संदर्भात देतात ती) अनेक बायकांना संसर्ग झाला. सगळ्यांना एकाच स्रोतातून, म्हणून तुलना चोख. पुढे त्यांच्यातल्या काही जणींची आयएल२८बी जवळची आर.एस. १२९७९८६० ही डीएनएतली जागा तपासली. तिथे आईकडून एक आणि वडिलांकडून एक अक्षर येतं, सी किंवा टी. सीसी असलेल्यांत ६४ टक्के, सीटी त २४, टीटी त ६ टक्के जणींचा विषाणू गेला होता. सीसी असूनही तीनात एकीचा राहिलाच, हे विसरू नका.

ही जागा १९ व्या गुणसूत्रावर आहे. खरा सूत्रधार तिथलंच, २०१३ मध्ये सापडलेलं आयएफएनएल४ हे जनुक. तिथे एक अक्षर गळालं की इंटरफेरॉन लॅम्डा-४ हे प्रथिन तयार होतं, आणि गंमत अशी की ते तयार होणं वाईट. यकृतातली इंटरफेरॉनची, म्हणजे विषाणूविरोधी इशाऱ्याची, यंत्रणा सतत चालू राहते आणि ऐनवेळी तिचा जोर चालत नाही.

बाकी एचएलए, म्हणजे विषाणूचे तुकडे प्रतिकारपेशींना दाखवणाऱ्या प्रथिनांची जनुकं. त्यातला डीक्यूबी१*०३:०१ हा प्रकार अनुकूल. बी*२७ ही, पण फक्त विषाणूच्या जीनोटाइप १ (उपप्रकार १) मध्ये, कारण त्याच्या टी-पेशी विषाणूचा जो तुकडा ओळखतात तो इतर जीनोटाइपमध्ये वेगळा आहे. भारतात जीनोटाइप ३ जास्त, त्यामुळे परदेशी लेखांतला बी*२७ इथे जसाच्या तसा लावू नका. एनके (संसर्ग झालेल्या पेशी मारणाऱ्या) पेशींवरचा लगाम केआयआर२डीएल३ आणि दोन्हीकडून आलेला एचएलए-सी१, ही जोडीही मदत करते, कारण त्यांची पकड सैल असल्याने पेशी लवकर चेततात. पण तो परिणाम सुईसारख्या थोड्या मात्रेच्या संसर्गात दिसला, रक्त चढवलेल्यांत नाही. दोन बाटल्या म्हणजे मात्रा मोठी.

कांजूर_पूर्व
दादाने न विचारता चाचणी करून टाकली. रिपोर्टमध्ये 'टीटी' आहे. ६ टक्क्यांतला म्हणजे विषाणू लपलाय का?

ठाणे_इम्युनो
थांबा. टीटी च्या शेजारी आर.एस. क्रमांक कोणता छापलाय? १२९७९८६० वर टीटी प्रतिकूल. ८०९९९१७ वर टीटी अनुकूल. ३६८२३४८१५ वरही टीटी अनुकूल. क्रमांकाशिवाय नुसती अक्षरं वाचली की इथे हमखास फसगत होते.

कांजूर_पूर्व
८०९९९१७.

ठाणे_इम्युनो
मग अनुकूल. पण आपल्या उपखंडात बहुसंख्यांचा निकाल असाच येतो. प्रतिकूल असता तरी आरएनए निगेटिव्हचा अर्थ बदलला नसता.

पीसीआर_परळ
वहिनींचं राहिलं. रक्तात आरएनए नाही तर भावापासून संसर्गाचा धोका नाही. या कारणासाठी त्यांची तपासणी नको.

दुसरा आरएनएही निगेटिव्ह आला आणि यकृताचा दुसरा आजार नसेल तर औषध नाही, दर वर्षीची चाचणीही नाही. पुढे कुठे शस्त्रक्रियेआधी तपासतील तेव्हा अँटिबॉडी पुन्हा रिॲक्टिव्ह येऊ शकते, म्हणून आरएनएचे रिपोर्ट फाइलला लावून ठेवा. रक्तदान मात्र कायमचं बंद. आणि एकदा विषाणू गेला म्हणून पुन्हा होत नाही असं नाही.

समजा पॉझिटिव्ह आलंच, तर राष्ट्रीय विषाणूजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रमात २०१८ पासून औषध मोफत आहे. सिरॉसिस नसेल तर सोफोसबुव्हिर ४०० आणि डॅक्लाटॅस्विर ६० मिग्रॅ, रोज, १२ आठवडे. संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए. सुरू करण्याआधी एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी ची चाचणी) तपासाच, नाहीतर दडलेला बी उसळू शकतो. केईएम, नायर किंवा सायनच्या गॅस्ट्रो ओपीडीत चौकशी करा. आयएल२८बी चा रिपोर्ट तिथे न्यायची गरज नाही; पेग-इंटरफेरॉन या जुन्या इंजेक्शनाच्या ४८ आठवड्यांच्या उपचारांच्या काळात त्यावरून अंदाज बांधायचे, आता त्याने गोळ्या बदलत नाहीत.

कांजूर_पूर्व
सोमवारी ईडीटीए नळी आणि दुसरं किट, दोन्ही सांगतो. इंडेक्स इथेच टाकेन.