पहिल्यांदा करून पाहताना: कोणता इंग्रजी वाक्प्रचार कुठे बसतो?

परवा एका अर्जाच्या मसुद्यात 'ट्राय माय हँड्स इन फोटोग्राफी' वाचलं आणि शाळेतली वाक्प्रचारांची वही आठवली. समोर अर्थ असायचा, वापर नसायचा. तर नवीन काही पहिल्यांदा करून पाहण्याचे इंग्रजी वाक्प्रचार इथे लिहूया. माझ्यापासून सुरुवात: हात एकच आणि पुढे 'अ‍ॅट'. 'ट्राय माय हँड अ‍ॅट फोटोग्राफी'. क्रियापद आलं तर आयएनजी लावून, 'अ‍ॅट पेंटिंग'. 'टु पेंट' नको.

---

पाण्याचं कुटुंब घ्या. फरक एवढाच की तुम्ही किती भिजलात. 'टेस्ट द वॉटर्स' म्हणजे खडा टाकून बघणं, अजून काठावरच. 'डिप अ टो इन' म्हणजे बोटभर आत, लगेच बाहेर येता येईल असं. 'गेट युअर फीट वेट' म्हणजे काम सुरू झालं, पण सोप्या भागापासून. 'टेक द प्लंज' मात्र खूप घोळवून मग मारलेली उडी, म्हणून नोकरी सोडणं, लग्न, घर घेणं अशा ठिकाणी तो शोभतो. नवा शाम्पू वापरून पाहायला फार जड होतो.

---

पाय ओले आणि पाय गार यांत गल्लत नको!! 'गेट कोल्ड फीट' म्हणजे ऐनवेळी कच खाणं, अगदी उलट.

---

डीप एंड, म्हणजे पोहण्याच्या तलावाचा खोल भाग, राहिलं. 'थ्रोन इन अ‍ॅट द डीप एंड' म्हणजे काही न शिकवता थेट अवघड कामाला जुंपणं. 'गो ऑफ द डीप एंड' म्हणजे संतापून भान सुटणं. एकात 'इन अ‍ॅट', दुसऱ्यात 'ऑफ', पुढचं 'द डीप एंड' तेच. घाईत आहे, नंतर येते.

---

'हॅव अ गो', 'गिव्ह इट अ शॉट', 'गिव्ह इट अ व्हर्ल', 'टेक अ स्टॅब अ‍ॅट इट' हे सगळे बोलण्यातले. अर्जात, अहवालात घालू नका, तिथे साधं 'ट्राय' किंवा 'अटेम्प्ट' बरं. आणि सर्वनामावर लक्ष ठेवा: 'हॅव अ गो अ‍ॅट इट' म्हणजे करून बघ, पण ब्रिटिश बोलण्यात 'हॅव अ गो अ‍ॅट हिम' म्हणजे त्याला फैलावर घे.

---

'ब्रेक द आइस' या यादीत येईल का?

---

आज नाही. आता तो अनोळखी माणसांमधला अवघडलेपणा घालवण्यासाठीच. पण प्रश्न रास्त आहे. इरॅस्मस या जुन्या डच विद्वानाच्या लॅटिन म्हणींच्या संग्रहात बर्फ फोडणं आहे, आणि तिथे अर्थ पहिल्याने पुढे होऊन वाट मोकळी करणं असाच आहे. म्हणजे जुना अर्थ आपल्या धाग्यातलाच, नंतर तो सरकला. मला हा फार आवडतो.

---

थोडं अवांतर, पण भाषांतर करणाऱ्यांसाठी महत्त्वाचं. 'मेडन' म्हणजे पहिला: 'मेडन स्पीच' सभागृहातलं पहिलं भाषण, 'मेडन सेंच्युरी' पहिलं शतक, टायटॅनिकची 'मेडन व्हॉयेज' १० एप्रिल १९१२ ला साउदॅम्प्टनहून सुरू झाली. पण 'मेडन ओव्हर' पहिलं षटक नव्हे, निर्धाव षटक!

---

क्रिकेटवर गाडी आलीच :) निर्धाव षटकातही बाइज आणि लेगबाइजच्या धावा चालतात बरं का, त्या गोलंदाजाच्या नावावर लागत नाहीत. वाइड किंवा नोबॉल पडला की मेडन गेलं.

---

धाग्यावर परत. 'अनचार्टेड वॉटर्स' लिहा, 'अनचार्टर्ड' नको. चार्ट म्हणजे सागरी नकाशा, चार्टर म्हणजे सनद. नकाशात नसलेलं पाणी, एवढं लक्षात ठेवलं की 'र' आपोआप गळतो.

---

'टर्न ओव्हर अ न्यू लीफ'सुद्धा लोक नव्या छंदाला लावतात. तो वाईट सवय सोडून नीट वागायला लागण्यासाठी आहे. आणि लीफ म्हणजे वहीचं पान, झाडाचं नाही. 'ओव्हर' गाळू नका.

---

वही, पान, सगळं जुळलं की! 'कट युअर टीथ ऑन' कुणीच घेतला नाही? बाळाला दात येण्यावरून. ज्या कामावर सुरुवातीचा अनुभव मिळाला ते 'ऑन'नंतर: 'शी कट हर टीथ ऑन स्मॉल प्रोजेक्ट्स'. भूतकाळातही 'कट'च राहतं.