खाली-डावीकडचा तिरपा कोनच लागत नाही : दोष लिव्हरचा की पेटीचा?

गंजगोलाईकर (लातूर)

नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत मी फायटिंग गेमसाठी आर्केड पद्धतीची पहिली स्टिक (पेटीवर दांडी आणि बटणे बसवलेला कंट्रोलर) घरीच तयार केली. पेटी १२ मिमी प्लायची असून ओळखीच्या सुतारकाकांकडून कापून घेतली आहे व वर सनमायका चिकटवला आहे. लिव्हर (दिशा देणारी दांडी), आठ बटणे आणि ‘झिरो डिले’ नावाचा एन्कोडर (बटणांचे संकेत गेमपर्यंत पोहोचवणारा बोर्ड) हे सर्व एका स्वस्त ऑनलाइन किटमधून आले. लिव्हर जपानी सान्वा कंपनीच्या ‘जेएलएफ’ लिव्हरची नक्कल आहे, चौकोनी गेटची (गेट म्हणजे दांडी किती सरकावी हे अडवून ठरवणारी बुडाची प्लेट). बटणे मागून चाकीने आवळण्याची आहेत, कारण खटक्याने बसणारी बटणे एवढ्या जाड फळीत धरत नाहीत, हे मला आधी एक संच वाया घालवल्यावर कळले.

अडचण अशी आहे की स्ट्रीट फायटर ६ मध्ये माझे पात्र डाव्या बाजूला उभे असताना हाडोकेन (दांडी फिरवून ठोसा दाबल्यावर सुटणारा ऊर्जेचा गोळा) व्यवस्थित निघतो, परंतु बाजू बदलून मी उजवीकडे गेलो की दहापैकी सहा-सात वेळा नुसताच ठोसा बसतो. त्याहून त्रासदायक म्हणजे डाव्या बाजूला असताना बसून अडवायला गेलो तर खालच्या लाथा सरळ लागतात. ट्रेनिंग मोडमध्ये पडद्यावर बटणांची नोंद दाखवण्याची सोय सुरू करून पाहिली, तेव्हा २ नंतर थेट ४ उमटलेला दिसला. मधला १ गायब. (कीबोर्डच्या अंकपाटीप्रमाणे दिशा मोजायची पद्धत येथे सर्वांना ठाऊक आहेच, तरी नव्या वाचकांसाठी सांगतो की २ म्हणजे खाली, ४ म्हणजे डावीकडे आणि १ म्हणजे या दोहोंमधला तिरपा कोन. उजवीकडून हाडोकेनसाठी २, १, ४ असे फिरवावे लागते आणि डावीकडे बसून अडवायला १ धरावा लागतो.) ३, ७ आणि ९ हे उरलेले तीन कोन बिनचूक येतात.

मी अस्सल जपानी लिव्हर मागवण्याच्या विचारात आहे, परंतु संपूर्ण किटला जेवढे पैसे पडले जवळपास तेवढेच त्या एकट्या लिव्हरला पडतील. पैसे टाकण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे. सोबत अष्टकोनी गेट घेतल्यास उपयोग होईल का, हेही सांगावे.

तिसरा_राउंड (परभणी)

माझ्या मते लिव्हरपेक्षा एन्कोडर बदला. नावात ‘झिरो डिले’ असले तरी त्यात विलंब असतोच, आणि स्वस्त बोर्डांचा दर्जा एकसारखा नसतो. माझ्या पहिल्या बोर्डावर एक बटण मध्येच आपोआप दाबले जात असे. अर्थात तो दोष पूर्णपणे बोर्डाचा नव्हता; मी तारा हॉट ग्लूने चिकटवल्या होत्या आणि मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत तो ग्लू मऊ पडून एक टर्मिनल सरकले होते. परभणीचा उन्हाळा लक्षात घेता तारांना प्लॅस्टिकचे टायच बरे.

वाळूजचा_फिटर (छत्रपती संभाजीनगर)

भाऊ, अजून काहीही मागवू नका. चारपैकी तीन कोन बिनचूक आणि एकच कोन गायब, ही खूण विजेच्या दोषाची कमी आणि सुताराच्या हाताची जास्त वाटते. एन्कोडरला ‘१’ नावाचे वेगळे इनपुट नसते. खाली आणि डावीकडे हे दोन स्विच एकाच वेळी दाबले गेले की गेम त्याला १ समजतो. तुमचे २ आणि ४ स्वतंत्रपणे येतात, म्हणजे दोन्ही स्विच, दोन्ही तारा आणि बोर्डावरच्या दोन्ही जागा शाबूत आहेत. प्रश्न एवढाच उरतो की दांडी त्या कोपऱ्यापर्यंत पोहोचते की नाही.

खात्रीसाठी पेटी उघडून तिचे तोंड खाली करा आणि लिव्हरच्या बुडाशी असलेले चार मायक्रोस्विच पाहा. दांडी मध्यावर टेकलेली असल्यामुळे तिचे वरचे टोक ज्या दिशेला जाते त्याच्या उलट दिशेला खालचे टोक जाते. त्यामुळे ‘खाली’चा स्विच लिव्हरच्या वरच्या अंगाला आणि ‘डावी’चा स्विच उजव्या अंगाला असतो. (उलट्या पेटीत डावे-उजवे आणखी गोंधळात टाकते, म्हणून आधी पेन्सिलने खुणा करून ठेवा.) हे दोन स्विच बोटांनी एकदम दाबा. पडद्यावर १ उमटला, तर एन्कोडर निर्दोष आहे.

त्यानंतर लिव्हरचे चारही स्क्रू काढून, तारा तशाच जोडलेल्या ठेवून लिव्हर हातात धरा आणि दांडी १ च्या कोपऱ्यात न्या. हातात धरल्यावर कोन लागला आणि फळीवर बसवल्यावर लागला नाही, तर दोष फळीचा आहे, यात शंका उरत नाही.

मला संशय भोकाचा आहे. जेएलएफच्या दांडीसाठी फळीला २४ मिमीचे भोक सांगितलेले असते. तुमचे भोक किती आहे हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि सुतारकाकांच्या पेटीत नेमके २४ चे होल सॉ (ड्रिलला लावायचे, गोल भोक कापणारे पाते) क्वचितच सापडते. आता चौकोनी गेटचा हिशेब पाहा. मध्यापासून बाजूपर्यंत दांडी जेवढी सरकते, त्याच्या सुमारे १.४ पट ती कोपऱ्यापर्यंत सरकते, कारण चौकोनाचा कर्ण बाजूपेक्षा त्याच पटीने लांब असतो. म्हणून लहान भोकाच्या काठाला दांडी सरळ दिशांना लागत नाही, कोपऱ्यात मात्र लागते. त्यात भोक मध्यापासून दीड-दोन मिलिमीटर वर आणि उजवीकडे सरकलेले असेल, तर फक्त खाली-डावीकडचाच कोपरा अडेल आणि बाकीचे तीन सुटतील. तुमचे लक्षण अगदी हेच आहे. फळी जितकी जाड तितका हा अडथळा लवकर येतो, कारण दांडी टेकण्याच्या बिंदूपासून जितके वर जावे तितकी ती बाजूला अधिक झुकलेली असते. पत्र्याच्या पेट्यांमध्ये हा त्रास सहसा दिसत नाही, त्याचे कारण हेच.

अष्टकोनी गेटचा येथे उपयोग नाही. दांडी गेटच्या कोपऱ्याला पोहोचतच नसेल, तर गेट चौकोनी की अष्टकोनी याने काही फरक पडणार नाही.

शेवटची परीक्षा घरगुती आहे. कारखान्यात दोन भाग कुठे घासतात हे पाहायला आम्ही एका भागाला निळा रंग लावतो. तुम्ही देवघरातले थोडे कुंकू पाण्यात कालवून भोकाच्या वरच्या काठाला आतून लावा, लिव्हर बसवा, दांडी आठही दिशांना फिरवा आणि मग दांडीवरची प्लॅस्टिकची नळी पाहा. लाल ठिपका जिथे, तिथे अडथळा.

गोदाकाठ (नांदेड)

वरील निदानाशी मी सहमत आहे, तरीही पुढच्या पेटीसाठी एक सुचवतो. एन्कोडरऐवजी रास्पबेरी पाय पिको वापरा. हा बोर्ड जानेवारी २०२१ मध्ये चार डॉलर किमतीला बाजारात आला आणि त्यावर जीपी२०४०-सीई हे मुक्त स्रोत फर्मवेअर (बोर्ड चालवणारी आज्ञावली) चालते. बोर्डावरचे बूटसेल बटण दाबून धरून यूएसबी केबल लावली की पिको पेन ड्राइव्हसारखा दिसतो. फर्मवेअरची फाइल त्यात टाकली की काम झाले. कोणती पिन कोणत्या बटणाची हे ब्राउझरमधून बदलता येते.

जोडणीही सरळ आहे. प्रत्येक बटणाचे एक टोक आपापल्या पिनला आणि दुसरे सर्वांच्या सामाईक ग्राउंडला (शून्य व्होल्टच्या तारेला) जोडायचे. वेगळे रेझिस्टर लागत नाहीत, कारण पिको आतूनच पिनचे व्होल्टेज वर ओढून ठेवतो आणि बटण दाबल्यावर ती ग्राउंडला जाते. जेएलएफला पाच तारांची वायर असते : चार दिशा आणि एक ग्राउंड. रंगांवर विसंबू नका, नकली लिव्हरमध्ये ते बदललेले असतात. मल्टीमीटर कंटिन्युइटीवर (जोडणी असल्यास बीप देणाऱ्या सोयीवर) ठेवून एक टोक एका तारेला लावा आणि लिव्हर चारही दिशांना हलवत दुसरे टोक उरलेल्या तारांना लावून पाहा. जी तार प्रत्येक दिशेच्या वेळी ‘बीप’मध्ये सहभागी असते, ती ग्राउंड. आणि कृपया पाच व्होल्टच्या पिनला बटण जोडू नका. पिकोच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, आणि एक पिको मी स्वतः असाच जाळला आहे.

विलंबाबद्दल एवढेच, की गेम सेकंदाला ६० चौकटी (फ्रेम) दाखवतो, म्हणजे एक चौकट साधारण १६.७ मिलिसेकंदांची. एन्कोडर त्यातला किती भाग खातो याची काळजी अवश्य करावी, परंतु संपूर्ण कोनच हरवत असताना नव्हे. प्लेस्टेशन ४ वर खेळणार असाल तर हेही लक्षात घ्या की अधिकृत ओळख न पटलेला कंट्रोलर तेथे आठ मिनिटांनी बंद पडतो. संगणकावर ही अडचण नाही.

तिसरा_राउंड (परभणी)

माझा एन्कोडरचा सल्ला घाईचा होता, मागे घेतो. दोन्ही दिशा स्वतंत्रपणे येत असल्याचे मी नीट वाचलेच नव्हते. एक शंका मात्र आहे. हा सगळा खटाटोप लिव्हरपायी असेल, तर दिशांसाठीही बटणेच असलेली बिनलिव्हरची पेटी का करू नये? सरकणारा भागच राहणार नाही.

वाळूजचा_फिटर (छत्रपती संभाजीनगर)

करावी, अवश्य करावी. मी स्वतः एक केली आहे. चार दिशांना चार बटणे, त्यात उडीचे बटण मोठे आणि अंगठ्याखाली, म्हणजे ३० मिमीचे, आणि बाकीची २४ मिमीची केली तर हात चांगला बसतो. परंतु त्यात डावे आणि उजवे एकाच वेळी दाबले जाऊ शकतात, जे लिव्हरने शक्यच नसते, आणि तेव्हा काय समजावे हे फर्मवेअरमध्ये ठरवावे लागते. दोन्ही दाबल्यास तटस्थ, म्हणजे कोणतीच दिशा नाही, ही मांडणी ठेवा. स्पर्धेत उतरायचे असेल तर तेथील नियम आधी वाचावे. शिवाय ज्याचा हात गेम पार्लरमध्ये टोकन टाकून किंग ऑफ फायटर्स ९७ खेळताना तयार झाला आहे, त्याला चार बटणांवर अर्धवर्तुळ काढायला शिकणे म्हणजे डाव्या हाताने सही करण्यासारखे वाटते. लातूरकरांनी लिव्हरच मागितली आहे, तर लिव्हरच दुरुस्त करू.

गंजगोलाईकर (लातूर)

सर्वांचे आभार. सांगितलेल्या क्रमाने सर्व करून पाहिले.

दोन स्विच बोटांनी दाबले तेव्हा १ लगेच उमटला. लिव्हर हातात धरून फिरवली तेव्हाही १ प्रत्येक वेळी आला. कॅलिपर माझ्याकडे नाही, म्हणून पट्टीने मोजले. भोक २० मिमीचे निघाले. सुतारकाकांना विचारले तर ते म्हणाले, “तुम्ही दांडी दाखवली, दांडी जाते एवढं भोक पाडलं.” त्यांचे काही चुकले नाही, माप मीच दिले नव्हते. कुंकवाची परीक्षा आईच्या परवानगीने केली. नळीवर एकच ठिपका उठला, गव्हाच्या दाण्याएवढा, बरोबर खाली-डाव्या अंगाला. आता जाणवते की त्या जागी प्लॅस्टिक आधीच थोडे घासलेले होते आणि मी त्याला उत्पादनातला दोष समजत होतो.

आता भोक २४ चे करायचे आहे, परंतु होल सॉच्या मधल्या ड्रिलला धरायला लाकूडच उरलेले नाही. कानसीने घासत बसू का?

वाळूजचा_फिटर (छत्रपती संभाजीनगर)

कानसीने होईल, पण गोल राहणार नाही आणि सनमायक्याची कड उडेल. त्यापेक्षा टाकाऊ प्लायच्या तुकड्याला आधी २४ चे भोक पाडा, तो तुकडा फळीच्या वरच्या बाजूला दोन क्लॅम्पने आवळा आणि होल सॉचे मधले ड्रिल काढून ठेवा; तुकड्यातले भोकच होल सॉला वाट दाखवील. तुकडा आवळण्यापूर्वी त्याचा मध्य जुन्या भोकाच्या मध्यावर नव्हे, तर लिव्हरच्या खऱ्या मध्यावर आणा. तो मध्य चार स्क्रूंच्या भोकांना कर्णरेषा जोडून मिळेल. त्या रेषा वरच्या बाजूला उतरवायला चारही स्क्रूंच्या जागी खालून बारीक ड्रिल आरपार काढावे लागेल, ते नंतर लांबीने (पुटीने) बुजवा. सनमायक्यावर कागदी टेप लावूनच कापा. भोकाची कड थोडी खडबडीत राहिली तरी दांडीवरचा गोल वॉशर ती झाकतो.

गंजगोलाईकर (लातूर)

रविवारी तसेच केले. कर्ण जोडल्यावर जुने भोक वर आणि उजवीकडे सुमारे दोन मिलिमीटर सरकलेले स्पष्ट दिसले. होल सॉ सुरुवातीला थोडा थरथरला, एका ठिकाणी सनमायक्याचा टवका निघाला, तो वॉशरखाली गेला आहे. पुन्हा कुंकू लावून पाहिले. नळी कोरडी राहिली.

ट्रेनिंग मोडमध्ये उजव्या बाजूला उभे राहून पन्नास वेळा २१४ आणि ठोसा असे केले. सत्तेचाळीस हाडोकेन निघाले. उरलेल्या तिन्ही वेळा नोंदीत १ उमटलेला होता. ठोसाच ४ च्या आधी पडला होता. जपानी लिव्हर तूर्त मागवत नाही. पिको मात्र मागवला आहे.